पहिल्या पुळीपासून योग्य औषधापर्यंत

मुरमांकडे आजार म्हणून बघायची आपल्याला सवय नाही. वयात आलं की येतात, लग्न झालं की जातात, अशी घराघरांतली समजूत. त्यामुळे सातवी-आठवीत कपाळावर पहिल्या पुळ्या दिसल्या तरी कोणी दवाखान्याची वाट धरत नाही. बारावीपर्यंत गालांवर गाठी येतात, फुटतात, खड्डे पडतात, आणि मग धावपळ सुरू होते. या मधल्या चार-पाच वर्षांत चेहऱ्यावर काय काय लावलं जातं आणि खरं तर काय लावायला हवं होतं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. मुरूम कोणाला येणार, हे फारसं कोणाच्या हातात नसतं. त्यांच्या खुणा जन्मभर राहणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी या मधल्या वर्षांत ठरतं.

पुस्तिका लिहिली आहे ती शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. आजार जगभर सारखाच आहे. १२ ते २४ या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना तो कमीअधिक होतो, आणि जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारांच्या यादीत तो आठवा धरला गेला आहे. पण तो वाढवणाऱ्या गोष्टी त्या त्या भागाच्या असतात. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांत मशीनवर उभी राहणारी तरुण मुलं आहेत. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस बल आहे, आणि दोन्ही तालुक्यांत पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची पोरं आहेत. शिरूरचा बेट भाग असो की दौंडचं राहू बेट, ऊस, पाणी आणि पैसा आला तसा मोबाइल आला, आणि मोबाइलबरोबर गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीही आल्या. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं तर तालुक्याचं गाव किंवा थेट पुणं गाठावं लागतं. एक दिवसाचा रोज बुडतो. क्रीम मात्र चौकातल्या दुकानात हाताशी मिळतं. यातून जे घडतं ते मी दवाखान्यात रोज बघते, आणि त्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबवते आहे.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पिटिकांचं वर्णन आहे, आणि त्यांची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, केली आहे. आपल्या पूर्वजांनी त्याला रोग म्हटलं होतं, एवढंच इथे लक्षात घ्यायचं.

आता मुरूम येतात कसे ते पाहू. चेहरा, छाती, पाठ आणि खांदे इथे तैलग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. प्रत्येक ग्रंथी एका बारीक केसाच्या नळीत उघडते आणि तिच्यातला तेलकट स्राव त्या नळीतून वर येऊन त्वचेवर पसरतो. वयात येताना अँड्रोजन हार्मोन्स वाढतात. मुलांत जास्त, पण मुलींतही ती असतातच. त्यांनी ग्रंथी मोठी होते, तेल जास्त सुटतं. त्याच सुमारास नळीच्या अस्तरावरच्या मृत पेशी, ज्या एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. हे बूच साध्या डोळ्यांना दिसत नाही. पुळी वर यायच्या कित्येक आठवडे आधी ते तयार झालेलं असतं. म्हणून आज दिसणाऱ्या पुळीवर औषधाचा ठिपका लावून महिन्याभराने येणारी पुळी थांबत नाही. औषध पूर्ण भागाला लावावं लागतं, आणि बरेच दिवस लावावं लागतं. उपचाराच्या चिकाटीमागचं सगळं कारण या एका गोष्टीत आहे.

बुचामागे साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. ते निरोगी चेहऱ्यावरही असतात. कोणाच्या टॉवेलमधून, उशीतून मुरूम लागत नाहीत. वाढलेल्या जिवाणूंना शरीराची प्रतिकारशक्ती भिडते आणि लाली, सूज, ठणका, पू ही सारी त्या झटापटीची चिन्हं असतात. नळीची भिंत आतल्या आत फुटली तर सगळा ऐवज खोल त्वचेत सांडतो आणि तिथे दुखरी गाठ धरते. नखाने दाबून पुळी फोडताना पू वर येतो हे आपल्याला दिसतं. त्याच दाबाने तो खालीही जातो, हे दिसत नाही.

एवढं कळलं की बऱ्याच समजुती आपोआप गळतात. नाकावरचे काळे ठिपके मळाचे नसतात. उघड्या तोंडाच्या बुचाचा वरचा थर हवेने आणि त्वचेतल्या रंगद्रव्याने काळा पडलेला असतो. कितीही घासलं तरी तो निघत नाही, उलट घासल्याने सूज वाढते. दिवसातून दोनदा साध्या, सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुणं पुरे. पोट साफ नाही म्हणून, अंगात उष्णता आहे म्हणून, रक्त बिघडलं म्हणून मुरूम येतात, हेही खरं नाही. पोट बिघडलं असेल तर त्याचा इलाज जरूर करावा, पण मुरमांसाठी जुलाब घेऊन काही साधत नाही. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या चेहऱ्यावर काळे चट्टे उठतात. टूथपेस्टने कातडी भाजते. हे दोन उद्योग आजच थांबवावेत.

खाण्याबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात. तळलेलं, तेलकट खाल्ल्याने मुरूम येतात याला भक्कम आधार नाही. रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं, म्हणजे गोड शीतपेयं, मैद्याची बिस्किटं, दिवसभराचा गोड चहा, हे मात्र काहींचे मुरूम वाढवतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सायविरहित दुधाचाही संबंध दिसतो, पण तो तेवढा पक्का नाही. पोराचं दूध तोडावं असं मी सांगत नाही. भरतीच्या मुलांनी मात्र व्हे प्रोटीनच्या डब्याकडे जरा सावधपणे बघावं. पाठभर मुरूम घेऊन आलेल्या तरुणाला डबा थांबवायला सांगितलं आणि मुरूम कमी झाले, असं पुष्कळदा घडतं. व्यायामशाळेत कोणी अंग लवकर भरावं म्हणून इंजेक्शनं किंवा गोळ्या देत असेल, तर ती बहुधा ॲनाबॉलिक स्टेरॉइडं असतात. त्यांनी छाती-पाठीवर खोल गाठी येतात, आणि मुरूम हे त्यांच्या दुष्परिणामांतलं सर्वांत सौम्य प्रकरण आहे. आधीच गाठी असलेला मुलगा अचानक तापाने आणि सांधेदुखीने आडवा झाला, गाठी फुटून जखमा झाल्या, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

मुलींच्या कपाळावर, केसांच्या रेषेला लागून, बारीक बारीक पांढऱ्या पुळ्यांची रांग दिसली की मी आधी तेलाचं विचारते. शाळेची वेणी घालायची म्हणून सकाळी खोबरेल चापून लावायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ते तेल दुपारपर्यंत घामाबरोबर कपाळावर उतरतं. तेल सोडायची गरज नाही. ते न्हायच्या आधी लावावं, कपाळाला लागू देऊ नये. मशीनवर काम करणाऱ्यांना कटिंग ऑइल आणि कूलंटचे शिंतोडे बसतात. त्याने हातांच्या बाहेरच्या बाजूला, मांड्यांवर, तेलाने भिजलेले कपडे घासतात तिथे मुरमांसारखे फोड येतात. तेलाने ओला ड्रेस शिफ्ट संपेपर्यंत अंगावर ठेवू नये. घरी येऊन अंघोळ करावी आणि डॉक्टरला आपलं काम काय ते नक्की सांगावं. हेल्मेटचा पट्टा, खांद्यावरची जड सॅक यांनीही ठरावीक जागी पुळ्या येतात.

पंचवीस-तिशीतल्या बाईच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दर महिन्याला पाळीच्या आधी दुखऱ्या पुळ्या येत असतील, पाळी पुढे-मागे होत असेल, ओठावर-हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करावी लागते. ‘लग्न झालं की जातील’ ही आशा इथे विशेष नडते, कारण तोवर पाळीच्या तक्रारीकडेही दुर्लक्ष झालेलं असतं.

मुरमांचे प्रकार पुस्तिकेत चित्रांसह दिले आहेत. इथे सांगायचं ते एवढंच, की प्रकार ओळखायचा तो नाव ठेवायला नाही, तर किती घाई करायची हे ठरवायला. नुसती काळी-पांढरी बुचं असतील तर घरच्या घरी, लावायच्या औषधावर काम भागतं. लाल पुळ्या आणि पू असलेल्या पुळ्या वाढू लागल्या की डॉक्टर गाठावा. हाताला खोल लागणाऱ्या, आठवडे आठवडे दुखणाऱ्या गाठी दिसल्या की थांबूच नये, कारण खड्डे पडतात ते प्रामुख्याने यांच्यामुळे. आईला किंवा वडिलांना खोल खड्डे असतील, तर मुलाच्या बाबतीत आणखी लवकर हालचाल करावी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं तिच्याकडे येते. राहू बेटातून आलेल्या एका मुलीला तिच्या आईने माझ्यासमोर खिडकीकडे तोंड करून बसवलं. दोन्ही गाल लाल, त्या लालीत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, गालांवर लव दाट झालेली, आणि तिच्यात सगळ्या एकाच आकाराच्या, जणू एकाच दिवशी उगवलेल्या पुळ्या. ऊन लागलं की चेहरा पेटतो, ती म्हणाली. आईने पिशवीतून शेवटपर्यंत गुंडाळून पिळलेली ट्यूब काढली आणि म्हणाली, ‘पहिल्या आठवड्यात इतका छान झाला होता हो चेहरा.’ ट्यूबवरची घटकांची ओळ भिंग लावल्याशिवाय वाचता येत नव्हती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. बाजूला लाल रेघ, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी इंग्रजी सूचना. मुलीने ती वाचली नव्हती, आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि विकणाऱ्याने सांगितलं होतं की हे गोरं करतं.

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. योग्य आजारात, योग्य जागी, ठरावीक दिवसांपुरतं ते फार मोलाचं औषध आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादं स्टेरॉइड अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली मांडली, तीही वांगासारख्या डागांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची म्हणून. मुरमांवर स्टेरॉइड लावलं की सूज आणि लाली चार-आठ दिवसांत ओसरते, रक्तवाहिन्या आकसतात, कातडी उजळ दिसते. तोच तो ‘छान झालेला’ पहिला आठवडा. पुढे कातडी पातळ होते, पुळ्या जोमाने येतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा असा भडकतो की माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी बारा केंद्रांवर मिळून केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी जवळपास १५ टक्के जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा ठरवलं. कायदा झाला, पण ट्यूब अजून मागाल तशी मिळते. ही गोष्ट मला अस्वस्थ करते, कारण यातलं नुकसान आजाराने केलेलं नसतं.

म्हणून घरातली प्रत्येक ट्यूब आज पालथी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती मुरमांसाठी नाही. नायट्यासाठी मिळणाऱ्या मिश्र क्रीममध्येही हीच नावं असतात, आणि घरात कोणाच्या तरी नायट्यासाठी आणलेली ट्यूब मुलीच्या चेहऱ्यावर जाते. बरेच महिने लावून झालं असेल तर स्वतः एकदम बंद करू नका. डॉक्टर ते कसं उतरवायचं ते सांगतील. ज्या डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर यातलं काहीच नाही, ती तर घरातच ठेवू नका. अकोल्यात एका तरुण मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेलं असं क्रीम घरात तिघींनी वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा मर्यादेच्या कितीतरी पट सापडला. हे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं. पाऱ्याने रंग उजळतो, म्हणून तो घातला जातो.

खऱ्या उपचाराची औषधं जुनी, पारखलेली आणि बहुतेकांना परवडणारी आहेत. बूच मोकळं करायला ॲडापलिन किंवा ट्रेटिनॉइन. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटाराच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ. पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, किंचित सोलते, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि त्या पहिल्या आठवड्यात गोरं करणाऱ्या ट्यूबकडे वळतात. एक दिवसाआड लावावं, वर साधं मॉइश्चरायझर लावावं, पण सोडू नये. जिवाणूंसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. ते टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, तेव्हा पांढरा अभ्रा वापरावा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे, नीट उतार पडायला तीन महिने लागतात, आणि चेहरा साफ झाल्यावरही औषध काही काळ चालू ठेवावं लागतं. गरोदरपणात किंवा बाळाचा विचार चालू असताना ट्रेटिनॉइन, ॲडापलिन टाळावं.

प्रतिजैविकाच्या गोळ्या, बहुधा डॉक्सिसायक्लिन, लाल आणि पुवाळलेल्या मुरमांत दिल्या जातात. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने, आणि तीन-चार महिन्यांच्या आत थांबवायच्या. दुकानातून आणून वर्षभर खाल्लेल्या गोळ्यांनी जिवाणू निर्ढावतात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, घेऊन लगेच आडवं होऊ नये, आणि ती चालू असताना उन्हात कातडी लवकर भाजते हे शेतात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

खोल गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली, आणि तोवर ज्यांच्या हाती खड्डे मोजत बसण्यापलीकडे काही नव्हतं अशा रुग्णांना प्रथमच दीर्घकाळ टिकणारा आराम मिळू लागला. ते तैलग्रंथीच लहान करतं. ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात. त्याचा सर्वांत गंभीर धोका एकच: गरोदरपणात ते पोटात गेलं तर बाळात मोठी व्यंगं निर्माण होतात. औषध चालू असताना आणि थांबल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये, आणि त्या काळात रक्तदानही करायचं नाही. लग्न ठरलेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरला आवर्जून सांगावी. सासरी जायच्या आधी चेहरा साफ व्हावा म्हणून गुपचूप मागवलेल्या गोळ्यांत हा धोका असतो, आणि तो कोणी तिला समजावून सांगितलेला नसतो.

आपल्या सावळ्या कातडीची एक वेगळी गोष्ट आहे. पुळी बरी झाली तरी तिच्या जागी तपकिरी-काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि रुग्णाला मुरमापेक्षा त्या डागाचंच दुःख जास्त असतं. डाग म्हणजे खड्डा नव्हे. डोळे मिटून बोट फिरवलं तर डाग लागत नाही, खड्डा लागतो. डाग वेळेने, सनस्क्रीनने आणि मुरूम थांबवल्याने उतरतात. खड्ड्यांसाठी सुई, लेझर असे उपाय आहेत. त्यांनी सुधारणा होते, कातडी पूर्ववत होत नाही, आणि ते मुरूम पूर्ण शमल्यावरच करायचे असतात. छातीवर, खांद्यावर ज्यांना जखम फुगून वाढते, त्यांनी तिथली पुळी अजिबात फोडू नये.

मुलगा चार महिने फोटोत येत नाही, मुलगी गॅदरिंगला जात नाही, कोणी बघायला येणार म्हटलं की जेवत नाही, हे ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. नातेवाइकांसमोर चेहऱ्यावरून बोलणं घरातल्या मोठ्यांनी बंद केलं तर औषध लावायचं बळ येतं. मन फारच खचलं असेल तर तेही डॉक्टरला सांगावं. गोळ्यांची निवड करताना त्याचा विचार करावा लागतो.

पहिल्यांदा दाखवायला याल तेव्हा चेहऱ्यावर पावडर, क्रीम काही लावून येऊ नका. आतापर्यंत लावलेल्या ट्यूबा, खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं, प्रोटीनचा डबा, जे असेल ते पिशवीत घालून आणा. रागावायला नव्हे, वाचायला हवं असतं. मुलींनी मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आणाव्यात. आणि तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न विचारला की उत्तर आईवडिलांनी देऊ नये, मुलाला किंवा मुलीला देऊ द्यावं. पाठीवरचे मुरूम, जिममधली इंजेक्शनं, चुकलेली पाळी, यांतलं बरंचसं घरात कोणाला माहीत नसतं.